'रेस' म्हणजे वंश, वर्ण की जात?

पेनसिल्व्हेनियातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. मार्च २००८ मध्ये बराक ओबामांचं फिलाडेल्फियातलं भाषण त्यांनी घरी टीव्हीवर ऐकलं. नागरिकत्व नुकतंच मिळालं होतं, २२ एप्रिलच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडण्याच्या मतदानात, पहिलं मत द्यायचं होतं आणि कुणाला ते ठरत नव्हतं. ओबामा आपल्या गोऱ्या आजीबद्दल बोलू लागले. तिनं त्यांना जीव लावून वाढवलं, आणि रस्त्यात जवळून जाणाऱ्या काळ्या माणसांची भीती वाटते असंही तीच एकदा बोलून गेली होती. ताईंचे कणकेचे हात तसेच राहिले. मत तिथंच ठरलं. रात्री पुण्याला फोन केला, "आई, तो जातीवर बोलला गं, अगदी खरं बोलला." आईनं विचारलं, "त्याची जात कोणती?" आता ताईंच्या लेकीला मराठी शाळेत त्याच भाषणावर बोलायचंय. इंग्रजी 'रेस'ला मराठीत काय म्हणावं: जात, वर्ण की वंश?

जात नक्कीच नाही. जातिव्यवस्था ही वंशांची विभागणी नव्हे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच ठणकावून सांगितलं आहे.

वर्णही नको. वर्तमानपत्रांनी दक्षिण आफ्रिकेपायी 'वर्णद्वेष' रुळवला, पण वैदिक शब्दांची फोड करणारा प्राचीन पंडित यास्क वर्णाची व्युत्पत्ती 'वृणोति' म्हणजे झाकतो यावरून देतो. वर्ण म्हणजे वरचं आवरण, रंग. शिवाय मराठी कानाला वर्ण म्हटलं की आधी चातुर्वर्ण्य ऐकू येतं.

राहिला वंश. तोच घ्या. आणि इथं मला राग येतो तो बातम्या देणाऱ्यांचा. सकाळी 'अमेरिकेत वंशवादाविरुद्ध मोर्चा' आणि संध्याकाळी, त्याच तोंडानं, 'पक्षातला वंशवाद', म्हणजे बापानंतर मुलाला तिकीट! हा दुसरा वंशवाद हिंदीतून जसाच्या तसा उचललेला आहे. आपल्याकडे त्याला 'घराणेशाही' हा नेमका, धारदार शब्द असताना उसनवारी कशाला? 'नस्लीय हिंसा' तर ऐकवतही नाही. वांशिक म्हणा. भेदभावाला वंशभेद, तिरस्काराला वंशद्वेष.

आता खरी गंमत. संस्कृतात वंश म्हणजे वेळू! कळकाच्या बेटात उभं राहून एक काठी नीट पाहा. पेरावर पेर चढत जातं, दोन पेरांमध्ये गाठ, आणि गाठीपाशीच नवा फाटा फुटतो. पिढीमागून पिढी येते ती अशी. पाठीच्या कण्यालाही म्हणून पृष्ठवंश म्हणतात. 'पृष्ठवंशीय प्राणी' आपण शाळेत पाठ केले, पण पाठीत वेळू आहे हे कुणी सांगितलं नाही. कौलारू घराच्या आढ्यापासून खाली उतरणारा वासा हाही वंशाचाच वंशज. 'घर फिरलं की घराचे वासेही फिरतात' आणि 'बडा घर पोकळ वासा' म्हणताना आपण वंशच उच्चारत असतो. पोकळ का, तर वेळू पोकळच असतो.

'वंश म्हणजे रक्त, म्हणून हा शब्दच टाकून द्या' असं सांगणाऱ्या विद्वानांनी बृहदारण्यक उपनिषद उघडून बघावं. तिथं 'अथ वंशः' म्हणून जी यादी सुरू होते ती गुरूंची आहे, कुणी कुणापासून विद्या घेतली त्याची. पाणिनीच्या व्याकरणावरची जुनी टीका काशिकावृत्ती, तीही एका सूत्रावर तेच सांगते: वंश जन्मानं होतो तसा विद्येनंही होतो.

उलट इंग्रजी 'रेस'कडे पाहा. कोणी तो डोकं या अर्थाच्या अरबी 'रास'पासून आणतात, कोणी झाडाचं मूळ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून. मला दोन्ही पटत नाहीत. इटालियन पंडित कॉन्तिनी यांनी १९५९ मध्ये तो जुन्या फ्रेंच 'हाराझ'पर्यंत, म्हणजे घोड्यांच्या पैदाशीच्या कळपापर्यंत नेला, तेच बरोबर वाटतं. कोवारूबियासचा १६११ चा स्पॅनिश कोश 'रासा'चा अर्थ देताना आधी डागणी देऊन ओळखू येणारे जातिवंत घोडे सांगतो, आणि पुढे म्हणतो की माणसांच्या घराण्याबाबत हा शब्द वाईट अर्थानं येतो, मूर (म्हणजे स्पेनमधले मुसलमान) किंवा ज्यू रक्त असणं या अर्थानं. घोड्याच्या पुठ्ठ्यावरचा डाग माणसाच्या अंगावर आला तो असा. वेळूत आणि या डागात किती अंतर आहे!

हां, लेकीचं भाषण. ताई, ओबामांचं एकच वाक्य तिला द्या. आपले भाऊ, बहिणी, भाचे, पुतणे, काका तीन खंडांत विखुरलेले आहेत, असं सांगताना त्यांनी 'रेस' आणि 'ह्यू' (म्हणजे रंगछटा) असे दोन वेगळे शब्द शेजारी शेजारी ठेवले. पहिल्याला वर्ण म्हटलंत तर दुसऱ्याला काय म्हणणार? म्हणून तिनं असं म्हणावं: "माझ्या गणगोतात सगळ्या वंशांची आणि सगळ्या रंगांची माणसं आहेत." आणि 'गणगोत' म्हणताना अडखळली तर आजीला फोन लावून द्या.