फॅन, पंखा आणि अंगात येणारं वारं

रामबागेतल्या गणेशोत्सवात निवेदक पाहुण्या गायिकेला म्हणाला, "ताई, आम्ही सगळे तुमचे पंखे!" मंडप हसला. घरी येताना पुतणीनं विचारलं, "काका, हा नुसता विनोद, की राजाला वारा घालणाऱ्यांसारखे चाहते भोवती उभे असतात म्हणून त्यांना फॅन म्हणायला लागले?"

विनोदच. आपल्या इंदुरात तर तो फार जुना: "भिया, अपन तो उनके पंखे हैं!" पण इंग्रजीत हे दोन फॅन एकमेकांचे कुणीच लागत नाहीत.

छतावरचा फॅन लॅटिन 'व्हॅन्नस'वरून आला. व्हॅन्नस म्हणजे धान्य पाखडायचं सूप. जुन्या इंग्रजीतही फॅन हे पाखडायचंच साधन होतं, वारा घ्यायचा अर्थ मागाहून चिकटला. सूप हललं की वारा येतो, हे आजीला कुणी सांगावं लागलं नसतं.

चाहता फॅन मात्र 'फॅनॅटिक'चं शेपूट छाटून झाला, आणि त्याचं मूळ थेट देवळात आहे. लॅटिनमध्ये 'फॅनम' म्हणजे देऊळ. ('प्रोफेन' हा शब्द त्याच घरातला: जो देवळाबाहेरचा तो.) 'फॅनॅटिकस' म्हणजे आधी देवळाचा, मग देवानं झपाटलेला. रोममध्ये बेलोना या युद्धदेवतेच्या पुजाऱ्यांना हा शब्द लावत. संचार झाला की ते स्वतःच्याच दंडांवर शस्त्रानं वार करून घेत. आसूड ओढणारा पोतराज ज्यानं पाहिलाय, त्याला याहून जास्त समजावायची गरज नाही. कोशात 'फॅनॅटिक'पुढे 'धर्मवेडा' असं कोरडं लिहिलेलं असतं. मूळ शब्दाला 'अंगात आलेला' जितकं बसतं तितकं दुसरं काही बसत नाही.

इंग्रजीत तो सोळाव्या शतकात आला. 1880 च्या दशकात अमेरिकेत बेसबॉलच्या वेड्यांना 'फॅन' म्हणायला लागले, तिथून तो सिनेमात, गाण्यात, सगळीकडे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात मुष्टियुद्धाच्या शौकिनांना 'द फॅन्सी' म्हणत, त्यावरून फॅन आला असंही काही जण मानतात. त्यानं थोडा हातभार लावला असेल, पण मला देऊळच पटतं.

पटायचं कारण आपल्याच गावचं आहे. 1945 मध्ये ऑस्ट्रेलियन सर्व्हिसेस संघाविरुद्धच्या क्रिकेट सामन्यातून इंदूरच्या मुश्ताक अलींना वगळलं, तेव्हा कोलकात्यात लोकांनी निवड समितीच्या दुलीपसिंहजींना घेरलं. घोषणा एकच, "नो मुश्ताक, नो टेस्ट!" मुश्ताक परत संघात आले. या लोकांना 'चाहते' म्हणणं म्हणजे फारच मवाळपणा झाला. 'रसिक' तर नकोच, तो शब्द मैफिलीत लोडाला टेकून बसतो.

आता गंमत अशी, की इंग्रजीत न जुळलेलं नातं मराठीत जुळतं. देव अंगात आला की आपण 'वारं आलं' म्हणतो. आणि पंखा आला पंखावरून, पंख संस्कृत 'पक्ष'वरून, ज्याचा दुसरा अर्थ बाजू, पक्षपात त्यातलाच. तेव्हा तो निवेदक न कळत बरोबर बोलून गेला. गायिका दोनदा बेसूर झाली, तरी पंखे टाळ्या वाजवतच होते.