डिमेन्शिया: सांभाळणाऱ्यांचे प्रश्न

या वेळी निवडलेली सगळी पत्रं आजारी माणसाचं करणाऱ्यांची आहेत. डिमेन्शिया म्हणजे स्मरणशक्ती आणि विचारशक्ती हळूहळू ढासळत जाणं; अल्झायमर हे त्याचं सर्वांत जास्त आढळणारं कारण. जगभरात साडेपाच कोटींहून अधिक लोकांना डिमेन्शिया आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की घरचे लोक त्यांच्यासाठी रोज सरासरी 5 तास देतात आणि काळजीच्या एकूण तासांपैकी 70 टक्के तास बायकांचे असतात. पत्रं वाचताना हे आकडे दिसतातच.

प्रश्न : आईला अल्झायमर आहे. तिचं सगळं मीच करते, तरी ती मलाच चोर म्हणते. परवा मी किंचाळले आणि माझा हात उगारला गेला. रात्रभर रडत होते. लोक म्हणतात, तू किती खंबीर आहेस. मी अजिबात नाही.

आधी चोरीच्या आरोपाबद्दल. अल्झायमरमध्ये नव्या आठवणी साठवणारा मेंदूचा भाग फार लवकर बाधित होतो. पाकीट कुठं ठेवलं, याची नोंदच आईच्या मेंदूत होत नाही. पाकीट तर दिसत नाही, मग ते कुणीतरी नेलं असणार, असं मेंदू स्वतःच ठरवतो. संशय येतो तो सतत जवळ असलेल्या माणसावर, म्हणजे तुमच्यावर. तेव्हा वाद घालू नका आणि पुरावेही देऊ नका. ‘सापडत नाहीये का? चल, दोघी मिळून शोधू,’ एवढंच म्हणा. तिच्या लपवायच्या जागा ठरलेल्या असतात, त्या टिपून ठेवा. तसंच दिसणारं दुसरं पाकीट घरात ठेवलंत, तर बरेच प्रसंग टळतील.

आता तुमच्याबद्दल. 1995 साली अमेरिकेत एक छोटा अभ्यास झाला. डिमेन्शियाच्या रुग्णाची काळजी घेणाऱ्या स्त्रिया आणि त्याच वयाच्या इतर स्त्रिया, अशा दोन्ही गटांच्या हातावर एकसारखी लहानशी जखम करण्यात आली. काळजी घेणाऱ्यांची जखम भरायला सरासरी 9 दिवस जास्त लागले. हा ताण शरीरात इतका खोलवर उतरतो. एकटीनं, अपुऱ्या झोपेवर, महिनोन्‌महिने हे करणारं कुणीही एक दिवस किंचाळेल. तुम्हाला खंबीर म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे, की कौतुकाऐवजी आठवड्यातली एक दुपार द्या.

पण हात उगारला गेला, ही गोष्ट हलक्यात घेऊ नका. राग चढतोय असं वाटलं, की आई सुरक्षित बसली आहे ना ते पाहा आणि खोलीबाहेर पडा. त्याच दिवशी कुणाला तरी सांगा, डॉक्टरांनाही सांगा. लाज वाटेल, तरी सांगा. तुम्ही वाईट मुलगी आहात असा याचा अर्थ होत नाही. कामाचा भार एका माणसाच्या आवाक्याबाहेर गेलाय आणि आता दुसरा माणूस हवाच आहे.

प्रश्न : बाबा रोज संध्याकाळी ‘मला घरी जायचंय’ म्हणतात. हेच घर आहे, हे सांगून सांगून थकलो.

सांगणं थांबवा. ‘घरी’ म्हणजे बहुधा ‘जिथं बरं वाटतं तिथं’. भूक, लघवी, दुखणं यांपैकी काही आहे का बघा. अंधार पडण्याआधीच दिवे लावा. ‘तुमच्या घराबद्दल सांगा ना’ म्हणा, जमलं तर एक फेरी मारून आणा.

प्रश्न : मी दुसऱ्या शहरात असतो. आईचं ताई बघते. मी पैसे पाठवतो, रोज फोन करतो, वाचलेले उपाय सुचवतो, पण ताई चिडते. फोनवर तर आई अगदी नीट बोलते.

तुमच्या शेवटच्या वाक्यातच ताईच्या चिडण्याचं कारण आहे. डिमेन्शियाचा माणूस दहा मिनिटं छान गप्पा मारू शकतो. उरलेला दिवस ताईच्या वाट्याला येतो. ‘आई तर बरी वाटली’ हे वाक्य तिला ‘तू उगाच वाढवून सांगतेस’ असं ऐकू येतं.

उपाय सुचवू नका, कामं उचला. तीही पूर्ण. डॉक्टरांची वेळ, औषधं संपण्याआधी मागवणं, विमा, बँक, कायदेशीर कागद यांतलं बरंच लांबून होतं. मदतनीस शोधणं, तिला पगार देणं आणि ती आली नाही तर बदली बघणं, हेही तुमच्याकडे घ्या. अधूनमधून येऊन राहा आणि त्या दिवसांत ताईला घराबाहेर पाठवा.

न्यूयॉर्कमध्ये अल्झायमरच्या रुग्णांच्या 406 जोडीदारांवर दीर्घकाळ अभ्यास झाला. निम्म्यांना समुपदेशन मिळालं. त्यात सगळ्या कुटुंबाला एकत्र बसवून कोण काय करणार, हे बोलणंही होतं. पुढे फोनवरचा आधार आणि आधारगटही होता. या लोकांना आपला माणूस घरी सरासरी दीड वर्ष जास्त सांभाळता आला. आजार तोच होता, औषध वेगळं नव्हतं. म्हणून म्हणतो, तुमच्या ताईचं टिकून राहणं बऱ्याच अंशी तुमच्या हातात आहे.

प्रश्न : पत्नी समोर बसलेली असते, पण मला ओळखत नाही. ती असताना मी तिच्यासाठी रडतो. हे पाप वाटतं.

पाप नाही, हा शोकच आहे. अमेरिकन कुटुंबतज्ज्ञ पॉलिन बॉस यांनी युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांबरोबर काम केलं. माणूस गेला की आहे, हेच ठरत नाही, अशा या दुःखाकडे त्यांनी जगाचं लक्ष वेधलं. डिमेन्शियात हेच उलट्या बाजूनं घडतं : माणूस आहे, पण ओळख गेली. मृत्यूनंतर लोक भेटायला येतात, तुमच्याकडे कुणी येत नाही, त्यामुळे हे फार एकट्यानं सोसावं लागतं. ‘ती आहे’ आणि ‘ती राहिली नाही’ या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांतली एक निवडायची सक्ती स्वतःवर करू नका.

आणखी एक. आयोवा विद्यापीठाच्या 2014 च्या अभ्यासात अल्झायमरच्या रुग्णांना आनंदी आणि दुःखी चित्रफिती दाखवल्या. काय पाहिलं ते लवकरच विसरलं गेलं, पण मनात उठलेली भावना त्यानंतरही टिकली. तुम्ही तिचा हात धरून बसता, ते वाया जात नाही.

मात्र जगणंच नकोसं वाटू लागलं, तर ते नैराश्य असू शकतं. त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांकडे त्याच दिवशी जा.

प्रश्न : सासरे चार दिवसांत एकदम बदलले. भ्रम होतात, रात्र रात्र जागे असतात. आजार वाढला म्हणून सोसायचं?

नाही. डिमेन्शिया सहसा हळूहळू वाढतो. एकाएकी झालेला बदल म्हणजे लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, शरीरात पाणी कमी होणं, नवं औषध, लपलेलं दुखणं, असं काहीतरी असू शकतं. आजच तपासून घ्या. सोसायची सवय लागलेली कुटुंबं बरं होण्यासारखंही सोसत राहतात, याचं मला फार वाईट वाटतं.

प्रश्न : ‘स्वतःची काळजी घ्या’ वाचून संताप येतो. वेळ कुठून आणू?

संताप रास्त आहे. छंद वगैरे बाजूला ठेवा. पहिली मागणी झोपेची करा : आठवड्यातल्या किमान दोन रात्री दुसऱ्या कुणीतरी उठायचं. हे घरच्यांना विनंती म्हणून सांगू नका, ठरवून टाका. त्यानंतर शिकणं. लंडनमध्ये काळजी घेणाऱ्यांना आठ बैठकींत चिडीचे प्रसंग हाताळणं, ताण उतरवणं आणि पुढची आखणी करणं शिकवलं गेलं. सहा वर्षांनंतरही त्यांच्यात चिंता आणि नैराश्याची लक्षणं इतरांपेक्षा कमी होती. जागतिक आरोग्य संघटनेचा ‘आय-सपोर्ट’ हा अभ्यासक्रमही काळजी घेणाऱ्यांसाठीच आहे. त्यातला एकेक पाठ सवडीनं करता येतो. सुरुवात ‘वागण्यातले बदल’ या भागापासून करा. रोजची भांडणं तिथंच कमी होतात.