चुकलेली डिस्क कुठे जाते?

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही आयोवातल्या एका छोट्या गावात राहतो. इथल्या पार्कात मागच्या वर्षी ९ होलचा डिस्क गोल्फ कोर्स झाला. आता ओढ्यापलीकडे आणखी ९ होल वाढवायचं चाललंय आणि पार्क बोर्डानं गावकऱ्यांकडून लेखी अभिप्राय मागवलेत. माझा नवरा खेळतो. त्याच्या मते कोर्स ‘ठीकठाक, पण कॅन्ससमधल्या एम्पोरियाची सर नाही’. सासरे साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेत, रोज सकाळी तिथे फिरायला जातात. त्यांच्या मते हा प्रकारच बंद करायला हवा. चौथ्या होलच्या डाव्या अंगाला मुलांचे झोपाळे आहेत आणि सातव्याचं बास्केट अगदी ओढ्याच्या काठावर आहे. बाबांनी तीन डिस्क ‘बेवारस’ म्हणून उचलून घरी आणल्यात, त्यातल्या दोन झोपाळ्यांजवळच्या. मी स्वतः कधी खेळले नाही आणि अभिप्राय मात्र मलाच लिहायचाय. न खेळणाऱ्या माणसानं कोर्स चांगला की वाईट हे ठरवायचं कसं?
— एक वाचक, आयोवा

उत्तर : आधी त्या तीन डिस्क उलट्या करून बघा. बहुतेक खेळाडू खालच्या बाजूला मार्करनं नाव आणि फोन नंबर लिहून ठेवतात. नंबर असेल तर एक मेसेज टाका, माणूस धावत येईल. एकेक डिस्क दहा-वीस डॉलरची असते आणि हातात बसलेली डिस्क हरवली की खेळाडू दोन दिवस जेवत नाही. बाबांना सांगा, या खेळात बेवारस काही नसतं.

मात्र डिस्क परत करण्याआधी बाबांकडून एक काम करून घ्या. पार्कचा कच्चा नकाशा कागदावर काढा आणि प्रत्येक डिस्क नेमकी कुठे सापडली तिथे फुली मारायला लावा. तुमच्या अभिप्रायातला सर्वांत मोलाचा कागद तोच असेल. चांगली फेक बास्केटजवळच पडते, तिच्यावरून कोर्सबद्दल काही कळत नाही. चुकलेली फेक कुठे जाते आणि तिथे कोण असतं, हे बघायचं. मी कुठल्याही नव्या पार्कात गेले की बास्केटकडे नंतर बघते, आधी झुडपांकडे.

हा खेळ न पाहिलेल्या वाचकांसाठी थोडक्यात : नियम गोल्फचेच. चेंडूऐवजी डिस्क आणि खड्ड्याऐवजी खांबावर साखळ्या लटकवलेलं लोखंडी बास्केट. टी-पॅडवरून, म्हणजे सुरुवातीच्या ओट्यावरून फेकायची, पडेल तिथून पुन्हा फेकायची, कमीत कमी फेकींत बास्केट गाठायचं. टी-पॅडपासून बास्केटपर्यंतचा एक टप्पा म्हणजे एक होल. समुद्रकिनाऱ्यावर झेलाझेलीला नेतो ती फुगीर फ्रिस्बी वेगळी. ही डिस्क लहान, कडक, धारेला पातळ आणि साधारण १५० ते १७५ ग्रॅमची, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूच्या वजनाची. डोक्यात बसली तर टाके पडतात. तेव्हा बाबांची धास्ती उगाच नाही.

आता तुमचा चौथा होल. उजव्या हाताचा माणूस बॅकहँडनं, म्हणजे हात छातीसमोरून नेऊन फेकतो, तेव्हा डिस्क वेग कमी झाला की शेवटी डावीकडे वळते. कितीही सरळ फेका, उतरताना ती डावीकडेच झुकणार. खेळणाऱ्यांत बहुसंख्य उजवे आणि बहुसंख्य बॅकहँडवाले. म्हणजे डावीकडे झोपाळे ठेवणं हे डिस्कना पत्ता देऊन बोलावणं झालं. बाबांना दोन डिस्क तिथे सापडल्या यात नवल काहीच नाही.

बोर्डावरचं कोणीतरी म्हणेल, मग टी आणि बास्केटची अदलाबदल करू, झोपाळे उजवीकडे येतील. ऐकायला बरं वाटतं, पण तेवढ्यानं भागत नाही. नवशिक्याच्या हातून डिस्क उशिरा सुटली की ती थेट उजवीकडे भिरकावली जाते, आणि ती वेग न गमावता जाते, त्यामुळे जास्त लागते. शिवाय डावरे खेळाडू आहेतच, त्यांची डिस्क उजवीकडे उतरते. जाळी लावा म्हणणारेही भेटतील. वर्षभरात तिला भोकं पडतात आणि पार्काला कोंबड्यांच्या खुराड्याची कळा येते. नवी झाडं लावली तर आडोसा व्हायला दहा वर्षं, तोवर झोपाळ्यावरची मुलं कॉलेजला जातील. खरा उपाय एकच : टी-पॅड आणि बास्केट दोन्ही हलवून फेअरवे, म्हणजे त्या दोघांमधली फेकीची वाट, झोपाळ्यांपासून लांब न्यायचा, जागा नसेल तर होल आखूड करायचा. ३०० फुटांचा होल १८० फुटांचा झाला म्हणून कोणाचं काही बिघडत नाही. या खेळाची संघटना पीडीजीए, तिच्या कोर्स आखणीच्या सूचनाही हेच सांगतात की इतर लोक वापरतात त्या वाटा आणि जागा फेअरवेपासून दूर असाव्यात. तेवढं वाक्य अभिप्रायात घाला. ‘माझ्या सासऱ्यांना वाटतं’ यापेक्षा बोर्ड ते जास्त मनावर घेईल.

सातव्या होलबद्दल मात्र मी बाबांच्या विरुद्ध आहे. ओढ्याकाठचं बास्केट ठेवावं. तिथे चुकलेल्या फेकीची किंमत फक्त फेकणाऱ्याला मोजावी लागते, आणि होलला रंगत येते ती त्यातूनच. साखळीला न लागता डिस्क पुढे गेली तर पाण्यात, मग जोरात पुट करायचा, म्हणजे जवळून थेट बास्केटात टाकायची, की हळूच जवळ ठेवून पुढच्या फेकीत आत टाकायची? हा विचार करायला लावणारा होल छोट्या गावात मिळतो कुठे! पण तिथे गेल्यावर बास्केटकडे पाठ करून काठाकडे बघा. बहुतेक डिस्क पाण्यात बुडतात आणि त्या काढायला लोक जिथून सोपं पडेल तिथून घसरत उतरतात. गवत गेलंय, माती मोकळी झालीय, झाडाची मुळं उघडी पडलीत असं दिसलं तर दोन-तीन पावसाळी आठवड्यांत काठ ढासळायला लागेल. बास्केट दहा-पंधरा फूट आत सरकवा आणि उतरायला एकाच जागी लाकडी पायऱ्या करा, एवढं मागा. ओढ्याकाठी पॉयझन आयव्ही असते हेही बाबांना सांगून ठेवा. तीन-तीन पानांचा झुपका दिसला की हात लावायचा नाही, आठवडाभर खाज जात नाही. डिस्क शोधण्याच्या उत्साहात माणूस हे विसरतो.

बाकीच्या होलना एवढा वेळ देऊ नका. एखाद्या शनिवारी सकाळी, शक्यतो आदल्या दिवशी पाऊस झालेला असताना, पूर्ण फेरी मारा. टी-पॅडवर उभ्या राहा. सिमेंटचा, वर झाडूनं ओढलेल्या खरखरीत रेघा असलेला असेल तर उत्तम. नुसतं गवत असेल तर एव्हाना तिथे चिखलाचं डबकं झालेलं असेल. रबरी मॅटशी माझं जुनं वैर आहे, ओली झाली की पाय सरकतो आणि कडा वर आल्या की ठेच लागते. पॅड साधारण पाच-सहा फूट रुंद आणि दहा-बारा फूट लांब हवा. पुढची कड जमिनीपेक्षा वर आलीय का तेही बघा, कारण खेळाडू धावत येतो आणि फेकून झाल्यावर पुढे जातोच. घोटे मुरगळतात ते तिथेच.

बास्केट हातानं हलवून बघा. खांब डुगडुगतो का? साखळ्यांचे दोन थर आहेत का? बाहेर एक आणि आत एक असेल तर डिस्क अडकते, एकच थर असला की नीट टाकलेली डिस्कही मधून आरपार जाते आणि सभ्य माणसाच्या तोंडून नको ते शब्द बाहेर पडतात. ही साखळीची कल्पना एड हेड्रिक यांची. फ्रिस्बी बनवणाऱ्या कंपनीत काम केलेल्या या माणसानं १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कात पहिला कायमस्वरूपी कोर्स उभा केला. साखळीचं बास्केट येण्याआधी लोक झाडं, खांब, आगीच्या बंबाचे नळ असं काहीही लक्ष्य धरून फेकायचे, आणि ‘लागली’, ‘नाही लागली’ यावर भांडायचे. साखळीनं ते भांडण मिटवलं. २००२ मध्ये हेड्रिक गेले तेव्हा त्यांच्याच इच्छेनुसार त्यांच्या अस्थींची राख मिसळून डिस्क तयार केल्या गेल्या. आपल्याकडे गंगेत सोडतात, त्यांनी हवेत सोडली. असो.

पाट्या तपासायचं काम बाबांना द्या, त्यांच्याइतका योग्य परीक्षक दुसरा मिळायचा नाही. मोबाइल घरी ठेवून त्यांना पहिल्या टी-पॅडवर सोडा आणि म्हणा, नवव्यापर्यंत चालत जा. जिथे ते थांबून इकडेतिकडे बघतील तिथे बाणाची पाटी कमी आहे. होलचा नंबर, अंतर, पार (होल किती फेकींत संपायला हवा तो आकडा) आणि बास्केट कुठल्या दिशेला, एवढं तरी प्रत्येक टीवर हवंच. एका बास्केटपासून पुढच्या टीपर्यंत जाताना दुसऱ्याच होलचा फेअरवे ओलांडावा लागत असेल तर लाल शाईनं लिहा. पाट्यांवर गावच्या दुकानांच्या जाहिराती असतील, त्यांना नाक मुरडू नका, बास्केटचे पैसे बरेचदा तिथूनच येतात. आमच्या इथे सर्वांत अवघड होलची पाटी गावच्या फ्युनरल होमनं पुरस्कृत केलीय.

आणखी एक बघा : सगळे होल एकाच प्रकारचे आहेत का? मोकळं मैदान, सरळ २५० फूट, पुन्हा सरळ २५० फूट, असं नऊ वेळा असेल तर तुमच्या नवऱ्याची तक्रार रास्त आहे. एखादा डावीकडे वळणारा, एखादा उजवीकडे, एखादा चढाचा, एखादा झाडांच्या बोळातून जाणारा हवा. झाडांचंही बघा. टीच्या अगदी समोरचं झाड रोज मार खातं, त्याची साल निघालेली असेल तर त्याला आवरण घालायला सांगा. आयोवातल्या लोकांना झाडांची किंमत मी काय सांगणार! ऑगस्ट २०२० मधल्या डरेचो वादळानं सीडर रॅपिड्सचं काय केलं ते तुम्ही पाहिलंय, आणि ॲश झाडं तर किड्यानं मिडवेस्टभर खाल्ली. नव्या ९ होलसाठी ओढ्यापलीकडची मोठी झाडं तोडायचा बेत असेल तर मी त्याच्या विरोधात लिहीन. डिस्क झाडांना वळसा घालून फेकायची असते, त्यातच गंमत आहे.

राहता राहिलं एम्पोरिया. नवऱ्याला सांगा, मी कॅन्ससमध्ये राहते आणि तिथे जाऊन खेळते, तेव्हा तुलना मी करते. पंचवीस हजारांच्या आसपास वस्तीचं ते गाव, पण डिस्क बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीचं मुख्यालय तिथे आहे आणि २०१६ मध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही तिथे झाली. वसंतातल्या स्पर्धेच्या दिवसांत मुख्य रस्त्यावर प्रत्येक माणसाच्या पाठीवर डिस्कची पिशवी असते. त्या गावाशी ९ होलच्या पार्काची तुलना म्हणजे शाळेच्या मैदानाला वानखेडे नाही म्हणून हिणवणं. पण तिथल्या पीटर पॅन पार्ककडे एकदा नीट बघायला सांगा. संपादक विल्यम ॲलन व्हाइट यांच्या कुटुंबानं अकाली गेलेल्या मुलीच्या, मेरीच्या, आठवणीसाठी दिलेली ती जागा. तिथेही कोर्स सार्वजनिक पार्कातच आहे, आजूबाजूला पोरंबाळं, सहली, फिरणारे सगळे असतात. तुमच्या पार्कासारखाच प्रश्न तिथेही आहे, स्पर्धांच्या व्हिडिओत तो दिसत नाही.

अभिप्राय एका पानाचा लिहा. चौथा होल हलवा, सातवा ठेवा पण काठ सावरा, पाट्या लावा, आणि हे होईपर्यंत नव्या ९ होलचे पैसे खर्च करू नका. सोबत बाबांचा फुल्यांचा नकाशा जोडा.

प्रश्न : ॲपवर आमच्या जवळच्या कोर्सला पाचपैकी साडेतीन तारे आहेत, पण मला आणि मुलीला तिथे फार मजा येते. तारे कितपत खरे मानायचे?
— एक वाचक, इलिनॉय

उत्तर : तारे देणारे बहुतेक जण पट्टीचे खेळाडू असतात. त्यांना लांब, झाडीचा, १८ होलचा कोर्स आवडतो, आणि तासाभरात संपणाऱ्या छोट्या कोर्सला ते उरलेसुरले तारे टाकतात. तुमची मुलगी दहा वर्षांची असेल तर तिच्यासाठी तोच पाच ताऱ्यांचा. तारे सोडा, खालचे शेरे वाचा, तेही तारीख बघून. ‘तिसरं बास्केट चोरीला गेलंय’, ‘पावसानंतर पाचव्यावर गुडघाभर पाणी’ असले शेरे कामाचे. ‘कंटाळवाणा’ एवढाच शेरा लिहिणाऱ्याचं मनावर घेऊ नका.

प्रश्न : मुलाला वाढदिवसाला डिस्क द्यायच्या आहेत. दुकानात भिंतभर आहेत, त्यावर चार-चार आकडे. सर्वांत महाग आणि वेगवान घेतली तर चालेल?
— एक आई, न्यू जर्सी

उत्तर : मुळीच नको. चार आकड्यांतला पहिला आकडा वेगाचा. बारा-तेरावाली डिस्क ताकदीच्या हातातच उडते, लहान मुलानं फेकली की लगेच डावीकडे कोसळते आणि पोरगं हिरमुसतं. एक पुटर (जवळून बास्केटात टाकायची), वेग दोन-तीनचा, आणि एक मिडरेंज (मधल्या अंतराची), वेग चार-पाचचा, एवढ्या दोन पुरतात. वजन १५० ग्रॅमच्या आसपास असलेल्या निवडा, प्लास्टिक स्वस्तातलं चालेल. रंग भडक गुलाबी किंवा नारिंगी घ्या. हिरवी डिस्क कितीही सुंदर दिसली तरी घेऊ नका, गवतात शोधत बसाल.