'वीस पौंड कमी झाले की सांगेन'

प्रिय 'एडिसनची जाडी',

ही सही तुझीच, म्हणून नाइलाजाने लिहिली. पुढच्या पत्राला दुसरी शोध.

वाचकांसाठी तुझं पत्र थोडक्यात सांगते. तू एकवीस वर्षांची, न्यू जर्सीतल्या एडिसन गावची, जन्मही न्यू जर्सीतलाच, कॉलेजचं शेवटचं वर्ष. दीड वर्षापासून एका मुलावर जीव जडलाय, त्याचाही तुझ्यावर. त्याचे आईवडील पोर्तो रिकोचे. घरी कुणालाच पत्ता नाही, आणि त्याला तू सांगितलंयस की 'आमच्याकडे मराठी मुलगाच लागतो'. इकडे पुण्याच्या आत्याने बायोडेटा मागवलाय, वर 'सध्या गळ्यापर्यंतचाच फोटो पाठव' असंही सुचवलंय. गणपतीत नेसायच्या पैठणीचा ब्लाउज आईने मुद्दाम दोन इंच कमी मापाचा शिवून आणला, 'तोपर्यंत होईल तुला' म्हणून. तो होत नाहीये. आणि तू विचारतेस, घरच्यांना त्याच्याबद्दल कसं सांगू?

पण अगं, तिसऱ्या पानावर, कंसात, तू लिहिलंयस: 'वीस पौंड कमी झाले की सांगेन.' खरं पत्र तेवढंच. बाकीचं पाकीट.

तुझ्या बाबांना विचार, प्रायॉरिटी डेट म्हणजे काय. ग्रीन कार्डाच्या रांगेतली आपली तारीख; ती 'करंट' झाली की आपला नंबर लागतो. आपल्या लोकांनी त्या रांगेत दहा-दहा वर्षं काढली. नोकरी बदलू का, घर घेऊ का, सगळं 'डेट करंट झाली की'. तू अशाच घरात वाढलीस, म्हणून तुला वाट बघणं हा सद्गुण वाटतो. ती रांग सरकारने लावली होती. ही तू लावलीस, आणि त्या बिचाऱ्याला खोटं कारण सांगून तिच्यात उभं केलंस.

खोटं का म्हणते? तुझ्या मावसभावाच्या अमेरिकन बायकोला तुझी आई पुरणपोळी लाटायला शिकवते, हे तूच लिहिलंयस. घरी आदळआपट होईल, नाही असं नाही. पण तुझी भीती वेगळी आहे. तो गणपतीला येईल, कुणीतरी काकू आरतीनंतर सगळ्यांदेखत 'काय गं, अमेरिकेचं पाणी मानवलेलं दिसतंय' म्हणतील, तो अर्थ विचारेल, आणि तुला तो सांगावा लागेल. मग तो तुझ्याकडे नव्याने बघेल, असं तुला वाटतं. दीड वर्ष तो बघतोच आहे की. आंधळा नाही तो.

त्याचा हात कमरेवर आला की तू उचलून खांद्यावर ठेवतेस. त्याला काय वाटत असेल? माझा अंदाज, त्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय. त्याला आधी खरं सांग. मराठी मुलाचं राहू दे. 'मला माझ्या पोटाची लाज वाटते आणि मी ती घरच्यांच्या नावावर खपवत होते,' एवढं पुरे. यावर तो काय बोलतो, त्यावरून तो कसा आहे ते कळेल. वीस पौंड उतरवून कळणार नाही.

त्याच्या आईच्या हातच्या 'आरोस कोन गांदुलेस'चं तू पाऊण पान वर्णन केलंयस. (गांदुलेस म्हणजे आपले तुरीचे दाणे. सोले घालून भात आपणही करतोच.) 'त्यांच्याकडे माझ्या ताटात कुणी डोकावत नाही,' म्हणतेस. पाहुणीच्या ताटात कुणीच डोकावत नाही, बाळा. तुझ्या आईकडे तो जेवायला आला तर त्याला चार पोळ्या आग्रहाने वाढेल आणि तुला दीड.

आता आई. तुझ्या आजीचा पाय मधुमेहाने गेला, हे तू एका ओळीत उरकलंस. आई ती ओळ रोज जगते. भीती खोटी नाही तिची. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि आपल्या इंग्रज सहकाऱ्याचा फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. इंग्रजाच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. अमेरिकन डायबेटिस असोसिएशननेही २०१५ पासून आशियाई वंशाच्या लोकांची मधुमेहाची तपासणी बीएमआय २३ लाच सुरू करा म्हटलंय, इतरांसाठी तो आकडा २५ आहे. म्हणजे डोळ्यांना बारीक दिसणाऱ्यालाही धोका असतो. तेव्हा डॉक्टरकडे जाऊन ए-वन-सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, करून घे, आणि तुझ्या त्या चवळीच्या शेंगेसारख्या मावसबहिणीलाही सोबत ने. रिपोर्ट आईच्या हातात दे. साखरेबद्दल जे बोलायचं ते त्या कागदावरून बोलू दे. ब्लाउजवरून साखर कळत नाही.

दोन दिवस नुसत्या ब्लॅक कॉफीवर काढलेस आणि लॅबमध्ये चक्कर आली, हे मात्र मला अजिबात आवडलेलं नाही. हे पुन्हा होत असेल, किंवा खाल्लेलं मुद्दाम बाहेर काढावंसं वाटत असेल, तर माझं उत्तर बाजूला ठेव आणि कॉलेजच्या आरोग्यकेंद्रात जा. आजच. ते काम माझ्या आवाक्यातलं नाही.

आत्याचं काय करायचं? काही नाही. अमेरिकेतल्या देशी मुलींनी सह्या गोळा केल्यावर २०२० मध्ये शादी डॉट कॉमने त्वचेच्या रंगाचा फिल्टर काढला. आत्याच्या डोक्यातला फिल्टर काढायला किती सह्या लागतील कोण जाणे. फोटो पाठवू नकोस, झालं.

मी फार शहाणी आहे असं समजू नकोस. माझी लेक चौदा वर्षांची असताना दुकानाच्या ट्रायल रूमबाहेर मी तिला म्हटलं होतं, 'बिनबाह्यांचा नको, दंड दिसतात.' मी विसरले. ती आज तीस वर्षांची आहे आणि जुलैच्या उकाड्यात कोपरापर्यंत बाह्या घालते. मी विचारलं तेव्हा तिने मला ते वाक्य ऐकवलं, दुकानाच्या नावासकट. आयांना वाटतं आपण मुलीला जगाच्या बोलण्यापासून वाचवतोय. ते बोलणं पहिल्यांदा तिला आमच्याच तोंडून ऐकू येतं.

तर ब्लाउज. आतून उलटा करून बघ. पुण्याच्या शिंप्याने शिवलाय ना, मग दोन्ही बाजूंच्या शिवणीत माया सोडलेली असेल. एखाद्या रविवारी दुपारी आईला दे उसवायला. ती चष्मा लावेल, ब्लेड घेईल आणि एकेक टाका काढत बसेल. त्या कामात मान खाली असते, समोरच्याच्या तोंडाकडे बघता येत नाही. तेव्हाच तिला त्या मुलाचं नाव सांग. पहिल्यांदा ती 'ब्लेड लागलं असतं ना' म्हणून ओरडेल. ओरडू दे.

माया पुरली नाही, तर काखेत तुकडा जोडता येतो. तुमच्याकडच्या ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानांत करून देतात. फक्त गणपतीच्या आदल्या आठवड्यात जाऊ नकोस, तेव्हा ते कुणाचंच घेत नाहीत.

तुझी,
मावशी