साताऱ्यात राहतो, 40 हजारांत जुनी शिडाची फायबर बोट मिळतेय. दुरुस्त करून धोमच्या जलाशयात चालवायला घ्यावी का?

शिडं आणि डोलकाठी धड असतील तरच घ्या, नाहीतर फुकट मिळाली तरी नको. फायबरची दुरुस्ती मी करतो, त्यावरून सांगतो: लोक बुडाची भोकं बघून घाबरतात, पण ती रेझिन (घट्ट होणारा चिकट द्रव) आणि ग्लासमॅटने (काचतंतूंच्या चादरीने) बुजतात, फार खर्च नाही. खरी गोम वरच्या डेकमध्ये असते. बऱ्याच बोटींत डेकच्या दोन फायबर थरांमध्ये प्लायवूड किंवा बाल्सा लाकूड असतं. बोट काही पावसाळे उघड्यावर पडली की स्क्रूच्या भोकांतून पाणी मुरतं आणि हे लाकूड आतल्या आत कुजतं. वरून रंग मात्र चकाचक! नाण्याने डेकभर ठोकून बघा. आवाज टणटणीत आला तर ठीक, बद्द आला तर तिथे लाकूड गेलंय. डोलकाठीच्या बुडाशी आणि डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारांच्या पट्ट्या बसवल्यात तिथे जरा जास्त ठोका. बद्द भाग तळहाताएवढा असेल तर चालेल, अर्धा डेक असेल तर नमस्कार करून परत या. शिडाचं कापड नखाने ओढून बघा, उन्हाने कुजलेलं टरकन फाटतं. नवी शिडं, तारा आणि ट्रेलर धरला तर खर्च 40 हजारांच्या कितीतरी पुढे जातो.

एक मात्र आहे: जलाशय जलसंपदा विभागाचा. बोट उतरवायची परवानगी मिळते का हे आधी विचारा, पैसे नंतर द्या. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की काठावर नुसता चिखल असतो, तेव्हा ट्रेलर कुठून नेणार तेही बघून ठेवा.