खेळ झाला, पण ग्रामर कुठे गेलं?

या वेळी बरीच पत्रं एकाच विषयावर आलीत, वर्गात खेळ घेऊन इंग्रजी ग्रामर शिकवण्यावर, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या वेळी घेऊ.

प्रश्न : मी झेडपीच्या शाळेत सहावीला इंग्रजी शिकवते. सिंपल पास्टसाठी फळ्यावरची रेस घेते, म्हणजे दोन टीम करायच्या, मी 'गो' म्हटलं की दोन्हीकडून एकेक जण पळत येऊन 'वेंट' लिहितो, आधी लिहील त्याला पॉइंट. मुलं जाम खूश असतात, स्पेलिंगपण पाठ झालीत. पण घटक चाचणीत परत तेच, 'ही डिड नॉट वेंट टू स्कूल'. मग खेळायचंच कशाला असं वाटायला लागलंय.
– एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, रेस वाईट नाहीये, पण तिच्यात जिंकायला लागतं काय? पाय आणि पाठांतर. वाक्य तर कुणी बोलतच नाही. उलट 'गो' ऐकलं की 'वेंट' करा आणि पॉइंट घ्या हेच मुलं शिकली, मग पेपरात 'डिड नॉट' पुढे आलं तरी ती 'वेंट'च लिहिणार ना! त्यात आपल्या मराठीत 'तो गेला नाही' म्हणताना 'गेला' तसाच भूतकाळात राहतो, त्याला नुसतं 'नाही' लागतं, म्हणजे मुलाच्या हिशेबाने 'डिड नॉट वेंट' एकदम बरोबर आहे. भूतकाळ 'डिड'ने घेतला की क्रियापद मूळ रूपात जातं हे तुम्ही सांगितलंच असणार, पण सांगून ते तोंडात बसत नाही.

मी कुठलाही खेळ निवडताना एकच बघते, मुलाला वाक्य न बोलता किंवा चुकीचं बोलूनही जिंकता येतंय का. येत असेल तर तो खेळ मधल्या सुट्टीसाठी ठेवायचा, नाहीतर नियम बदलायचा.

तुमच्या अडचणीला 'खोटं पकडा' घ्या. एकाने काल काय केलं याची तीन वाक्यं सांगायची, त्यातलं एक खोटं. 'आय वेंट टू द बाजार, आय एट टू वडापाव, आय सॉ अ स्नेक.' समोरच्या टीमने खोटं ओळखायचं, पण नुसतं 'दुसरं दुसरं' ओरडून पॉइंट नाही, पूर्ण वाक्य पाहिजे, 'यू डिडन्ट ईट टू वडापाव'. 'डिडन्ट एट' म्हटलं की पॉइंट पलीकडे. आता 'एट'चं 'ईट' करणं हाच डाव झाला, आणि मुलं एकमेकांवर असं काही लक्ष ठेवतात की तुम्हाला चूक काढावीच लागत नाही.

मोठ्या मुलांना, आठवी-नववीला, चोर-पोलीस द्या, पण चिठ्ठ्यांचा नाही, चौकशीचा. काल रात्री आठ ते नऊ शाळेची घंटा चोरीला गेली असं जाहीर करायचं आणि दोघांवर संशय. ते दोघं म्हणतात आम्ही तेव्हा एकत्र हॉटेलात होतो. त्यांना व्हरांड्यात पाठवायचं, तिथे त्यांनी गोष्ट जुळवायची, तोवर वर्ग प्रश्न तयार करतो. मग एकेकाला वेगळं आत बोलवायचं आणि दोघांना तेच प्रश्न, 'व्हॉट वर यू ईटिंग?', 'हू वॉज सिटिंग निअर द डोअर?', 'वॉज इट रेनिंग?'. एक म्हणतो मिसळ खात होतो, दुसरा म्हणतो पुरीभाजी, की पकडले! पास्ट कंटिन्यूअस तर होतोच, पण माझ्या मते खरा फायदा प्रश्नांचा आहे. आपली मुलं 'यू वर ईटिंग व्हॉट?' म्हणतात कारण मराठीत 'तू काय खात होतास' हा शब्दांचा क्रम प्रश्नातही तोच राहतो. इथे एकच नियम कडक ठेवायचा, प्रश्नात शब्दांचा क्रम चुकला तर संशयितांनी उत्तर द्यायचं नाही.

आणि खेळ चालू असताना मधे मधे थांबवून सुधारत बसू नका, सगळा रंग जातो. कागदावर टिपून ठेवा, आणि शेवटची दहा मिनिटं त्यातलीच वाक्यं नाव न घेता फळ्यावर लिहा, काही बरोबर काही चूक, आणि लिलाव करा. प्रत्येक टीमला खोटे हजार रुपये, बोली लावून बरोबर वाटतील ती वाक्यं विकत घ्यायची, चुकीचं वाक्य घेतलं की पैसे पाण्यात. आपलंच वाक्य लिलावात आलंय हे कळल्यावर मुलं काय वाद घालतात, बघा तरी. वहीत लिहायचं ते या लिलावानंतर.

फक्त नवीन घटकाची सुरुवात खेळाने करू नका. आधी साधं समजावून सांगा, चार उदाहरणं घ्या, मग खेळ.

प्रश्न : आमची शाळा दोन शिक्षकी, पहिली ते चौथी. एका वर्गाला खेळ लावला की दुसऱ्याचं गणित बंद पडतं एवढा दंगा होतो. शांत खेळ आहेत का? आणि पहिली-दुसरीला ग्रामर शिकवायचं तरी काय?
– एक शिक्षक, नंदुरबार जिल्हा

उत्तर : सर, मोठ्यांना फुली-गोळा द्या. फरशीवर खडूने नऊ घरं, घरात नुसते वेळेचे शब्द, 'यस्टरडे', 'नाऊ', 'एव्हरी डे' असे. घर घ्यायचं तर तो शब्द वापरून वाक्य करायचं, जोडीदाराला पटलं तरच फुली. मधलं घर सगळ्यांनाच हवं असतं म्हणून सगळ्यात अवघड शब्द तिथे लिहायचा. तिसरी-चौथीची जोडी लावली तर अजून बरं. हा खेळ कुजबुजत होतो, तुमचं गणित चालू राहील.

पहिलीपासून इंग्रजी आपल्याकडे 2000 सालापासून आहे, पण पहिलीच्या मुलाला 'व्हर्ब' हा शब्द माहीत असायची काहीच गरज नाही. सूचना ऐकायची आणि अंगाने करायची, 'स्टँड अप', 'टच द डोअर', 'डोन्ट जंप'. जेम्स अॅशर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1960च्या दशकात यावरच सगळी पद्धत उभी केली, आधी हालचाल, बोलणं मागाहून. आणि आपला 'चिमणी उडाली भुर्र' तर यासाठी तयारच आहे! 'क्रोज फ्लाय' म्हटलं की बोट वर, 'बफेलोज फ्लाय' म्हटलं की खाली आणि सगळ्यांनी मिळून 'बफेलोज डोन्ट फ्लाय'. एवढं सिंपल प्रेझेंट त्या वयाला पुष्कळ झालं. थोडा आवाज होणार मात्र, तो मैदानात घ्या.

प्रश्न : मुलगा आठवीत, मराठी माध्यम. मोबाईलवर ग्रामरचं गेम अॅप रोज खेळतो, लेव्हल पण बऱ्याच वर गेल्यात, पण बोलायला सांगितलं की गप्प. पैसे भरून पुढचं पॅकेज घेऊ का?
– एक पालक, नाशिक

उत्तर : नका घेऊ. चारातला एक पर्याय दाबणं वेगळं आणि वाक्य जुळवून बोलणं वेगळं, ओळखता येतं म्हणजे बोलता येतं असं नाही. फुकट आहे तेवढं खेळू दे, शब्द वाढतात त्याने. त्यापेक्षा स्वयंपाक करताना घरातली एक वस्तू मनात धरा आणि त्याला वीस प्रश्नांत ओळखायला सांगा, 'इज इट इन द किचन?', 'डू वी ईट इट?'. तुमचं इंग्रजी कच्चं असलं तरी चालतंय, तुम्हाला 'येस' आणि 'नो' एवढंच म्हणायचंय.

प्रश्न : खेळाचे नियम इंग्रजीतच सांगायचे का? आमच्याकडे मराठी बोललं की साहेब नाराज होतात.
– एक शिक्षिका, लातूर

उत्तर : मराठीत सांगा, दोन मिनिटांत संपवा, आणि खेळ इंग्रजीत खेळा. इंग्रजीत नियम समजावण्यात अर्धा तास गेला तर खेळणार कधी?

प्रश्न : दरवेळी तीच हुशार चार मुलं जिंकतात. मागच्या बाकावरची पहिल्याच फेरीत आऊट होतात आणि मग खिडकीबाहेर बघत बसतात.
– एक शिक्षक, चंद्रपूर

उत्तर : 'आऊट' हा नियमच काढून टाका. ज्याला सरावाची जास्त गरज तोच पहिल्यांदा बाहेर बसतो, हे उलटंच झालं ना! अगदीच पाहिजे असेल तर आऊट झालेल्याला पंच करा, हातात बरोबर वाक्यांची यादी द्या, खेळणाऱ्याचं वाक्य यादीशी ताडून 'करेक्ट' की 'राँग' त्यानेच सांगायचं, आणि हुशार मुलाची चूक पकडली तर तो परत डावात. त्यासाठी त्याला यादी तीन-चारदा वाचावी लागते. आणि टीम पाडताना मुलांना आपापल्या निवडायला देऊ नका, चिठ्ठ्या टाका.