रंगरेषा : वाचकांचे प्रश्न
राणीची मलमल

प्रश्न : ताई, व्हर्सायच्या राजवाड्यात फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिचं हातात गुलाब घेतलेलं चित्र पाहिलं. गाइड म्हणाला, हे घाईघाईने दुसऱ्या चित्राच्या जागी लावलेलं. त्या पहिल्या चित्रात असं होतं तरी काय? – एक वाचक, पुणे

कपडे! भांडण झालं ते निव्वळ कपड्यांवरून.

१७८३ साली पॅरिसच्या लूव्रमध्ये राजाच्या चित्रकला अकादमीचं प्रदर्शन भरलं. त्याला सलों म्हणत. तिथे चित्रकार एलिझाबेथ विजे लब्रंने राणीचं जे चित्र मांडलं, त्यात राणीच्या अंगावर पांढऱ्या मलमलीचा सैल झगा, कमरेला झिरझिरीत सोनेरी पट्टा आणि डोक्यावर पिसं खोवलेली गवती टोपी. दागिना औषधालाही नाही. व्हर्सायच्याच आवारातल्या त्रियानों या छोट्या वाड्याच्या बागेत राणी आणि तिच्या मैत्रिणी असल्याच वेषात वावरत, त्याचं कुणाला फारसं काही नव्हतं. पण बागेत घालणं वेगळं आणि सलोंच्या भिंतीवर टांगणं वेगळं. सलोंला तिकीट नसे. कुणीही यावं, कुणीही नावं ठेवावीत. लोकांनी ठेवली. राणीने आतल्या कपड्यांत चित्र काढून घेतलं म्हणाले. झग्याचा बेत पाहता ते अगदीच खोटं होतं, असंही नाही.

मला मात्र दुसरा आक्षेप जास्त वजनाचा वाटतो. फ्रान्सच्या राणीने आपल्याच देशातल्या लियों शहराचं रेशीम मिरवायचं, ही रीत. हजारो विणकरांची चूल त्यावर पेटायची. मलमल हा परका माल. उत्तम मलमल बंगालची, आणि तिथला व्यापार बराचसा इंग्रजांच्या हातात. त्यात राणी माहेरची ऑस्ट्रियाची. म्हणजे बोलणाऱ्यांना आयतंच सापडलं.

चित्र उतरवावं लागलं आणि विजे लब्रंने दुसरं करून दिलं, तेच तुम्ही पाहिलंत. त्यात निळसर करड्या रेशमाचा पोशाख आहे, लेस आहे, गळ्यात-मनगटात मोती आहेत. पण उभं राहण्याची ढब, मानेचा कल, गुलाबाला फीत बांधणारी बोटं, सगळं पहिल्याच चित्रातलं. मी स्वतः व्यक्तिचित्रांवर पोट भरते, त्यामुळे मला यात नवल वाटत नाही. आजोबांना पगडी द्यायची की काळी टोपी, यावर गिऱ्हाइकाच्या घरात वाद पेटतो, तेव्हा मीही जमलेल्या डोळ्यांना हात लावत नाही. चेहरा एकदा साधला की चित्रकार तो सहजी सोडत नाही.

आणि हा चेहरा साधायला सोपा नव्हताच. लांबट, अरुंद, खालचा ओठ जरा पुढे, राणीच्या माहेरच्या हाब्सबुर्ग घराण्याची खूण. विजे लब्रंने तो लपवला नाही, फक्त प्रकाश असा पाडला की आपली नजर ओठावर थांबण्याऐवजी गालाकडे सरकते. आठवणींत ती लिहिते की राणीची कांती इतकी नितळ होती की तिच्यावर सावली धरतच नसे. खुशामत आहे, हे उघड. पण चित्रातल्या गळ्याजवळचे गुलाबी-निळसर थर नीट पाहा. त्या खुशामतीमागे बरंच निरीक्षण आहे.

प्रश्न : ही विजे लब्रं वशिल्याने अकादमीत शिरली, असं वाचलं. खरं का? – एक वाचक, कोल्हापूर

वशिला होता, आणि तो थेट राणीचा. पण तो का लागला तेही पाहा. तिचा नवरा चित्रांचा व्यापारी. व्यापाराशी संबंध असलेल्याला अकादमीत जागा नाही, या नियमावर बोट ठेवून तिथल्या वरिष्ठांनी तिला अडवलं. दुकान नवऱ्याचं, शिक्षा बायकोला! राणीने शब्द टाकला, राजाचा हुकूम निघाला आणि ३१ मे १७८३ रोजी ती आत गेली. बारा वर्षांची असताना वडील वारले होते आणि विशीच्या आतच ती चित्रं काढून घराला हातभार लावत होती. तिच्या हाताला वशिल्याची गरज नव्हती, नियमाला होती.

त्याच दिवशी आदेलाइद लाबिय-गियार हीदेखील निवडली गेली. एका वेळी चारच बायका, अशी अकादमीची मर्यादा. त्यामुळे लोकांनी लगेच दोघींची झुंज लावून दिली. मला विचाराल तर रेशीम रंगवावं लाबिय-गियारने. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात तिचं १७८५ चं आत्मचित्र आहे, मागे दोन शिष्या उभ्या असलेलं. त्यातल्या निळ्या घागऱ्याच्या चुण्या मी तासन्‌तास बघू शकते. हवा, ऊन, हसू मात्र विजे लब्रंचं.

प्रश्न : विजे लब्रंने कुणा भारतीयाचं चित्र काढलं होतं का? – एक वाचक, नागपूर

हो, आणि तेही पुरुषभर उंचीचं. टिपू सुलतानाचे वकील, म्हणजे राजदूत, इंग्रजांविरुद्ध मदत मागायला फ्रान्सला गेले. १० ऑगस्ट १७८८ रोजी राजा सोळाव्या लुईने व्हर्सायला त्यांची भेट घेतली. विजे लब्रंने त्यांना ऑपेरात पाहिलं आणि चित्र काढायचंच असं ठरवलं. त्यांच्यातला मुहम्मद दरवेश खान तलवारीवर हात ठेवून उभा राहिला, अंगात सोनेरी फुलांची पांढरी मलमल. राणीला जी मलमल भोवली, ती वकिलाला राजेशाही शोभली!

चित्र झाल्यावर खानाने ते पलंगामागे दडवून ठेवलं आणि देईना. हिने त्याच्याच नोकराला हाताशी धरून ते पळवलं. खान नोकराला ठार करायला निघाला. पॅरिसमध्ये नोकरांना मारण्याची पद्धत नाही, हे दुभाष्याला त्याला समजवावं लागलं. वर चित्र खुद्द राजाने मागवलंय, अशी थापही मारावी लागली. हे सगळं बाईंनीच लिहून ठेवलंय, तेव्हा थोडं मीठमसाला धरून चाला. ते चित्र १७८९ च्या सलोंमध्ये लागलं. त्याच ऑक्टोबरात जमावाने राजा-राणीला व्हर्सायहून पॅरिसला आणलं, त्या रात्री विजे लब्रं लहानग्या मुलीला घेऊन इटलीकडे निघाली. चित्र मागे राहिलं. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ते सुमारे ७२ लाख डॉलरला गेलं.